पूजेतला नकाशा

दाजी, तो नकाशा मी विहिरीत सोडला नव्हता. तो माझ्या देवघरात होता, लाल फडक्यात गुंडाळलेला, आणि पाया भरायच्या दिवशी मीच तो मिस्त्रीच्या हातात दिला. वसतिगृहाचे पाये चुकीच्या जागी पडले ते माझ्यामुळे. ठराव मात्र तुमच्यावर झाला. मी त्या सभेत संस्थेचा सचिव म्हणून बसलो होतो आणि तो ठराव माझ्याच हाताने लिहिला.

तुम्हाला हे सगळं माहीत होतं, हे मलाही माहीत आहे. तरीही सुरुवात इथूनच करायला हवी. नाहीतर पुढचं सगळं कौतुक खोटं वाटेल, आणि खोटं कौतुक तुम्हाला सहन होत नसे.

तुमचं तेरावं होऊन गेलं. लोक अजून येतात. अक्कासमोर बसतात, "लई भला मानूस व्हता" म्हणतात, चहा घेतात आणि जातात. कुणी म्हणतं, "वसतिगृह त्येंनीच बांधलं." मी कोपऱ्यात बसून ऐकतो. तुम्ही असतात तर लगेच दुरुस्त केलं असतं. तुम्ही एक वीट रचली नाही, नकाशात एक रेघ ओढली नाही. नकाशा औरंगाबादच्या आर्किटेक्टने काढला, लोखंड किती आणि कुठे ते बीडच्या इंजिनियरने ठरवलं, बांधलं मिस्त्रीने. तुम्ही एवढंच पाहिलंत की या सगळ्यांच्या हातात एका वेळी एकच नकाशा असावा, आणि ज्यांना त्या घरात राहायचंय त्यांना तो पटलेला असावा. या कामाला आपल्याकडे नाव नाही. मी चेष्टेने तुम्हाला 'कागदराख्या' म्हणायचो. तुम्ही हसून म्हणायचात, "म्हना पाव्हणं, म्हना. बायकोचा भाऊ हाय, सोसावं लागतं."

तो दुष्काळ आठवतो? दुसरं वर्ष होतं. सिंदफणेच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळायची. ऊस नव्हता म्हणून कारखाना बंद, आणि कारखान्याच्या बांधकाम विभागात उभी हयात घालवलेले तुम्ही घरी बसून अक्काच्या स्वयंपाकात चुका काढत होतात. आमच्या दूध संस्थेत दूध निम्म्यावर आलं होतं. जनावरं चारा छावणीत होती, माणसं तिथंच त्यांच्याशेजारी बाजा टाकून राहायची. आमचे चेअरमन अण्णा त्या छावणीतच एका बैलगाडीवर उभे राहून बोलले होते. "औंदा निम्मं गाव लांब दुसऱ्या जिल्ह्यात ऊस तोडायला जानार. जाऊ द्या, पोट हाय. पन लेकरं जानार न्हाईत. टोळ्या निघायच्या आत आपली संस्था लेकरांसाठी वसतिगृह उभं करील."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात. टाळी न वाजवता विचारलंत, "नकाशा कुटं हाय?"

पुढं त्या इमारतीचं सगळं तुमच्या एका प्रश्नावर चाललं. अण्णांना तो आवडला की नाही कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी तुम्हाला बोलावून घेतलं आणि सांगितलं की नकाशाचं सगळं तुम्ही बघा. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. तोवर छत पडलं नाही, तर लेकरं दरवर्षीसारखी ट्रॅक्टरवर बसून जाणार, शाळा सुटणार, आणि त्यातली बरीच परत कधीच शाळेत येणार नाहीत. आमच्या सगळ्यांची अब्रू त्या एका मुदतीला बांधलेली होती.

भूमिपूजनावरून तुमचं आणि अण्णांचं वाजलं. तुम्ही म्हणालात, "नकाशा अजून कच्चा हाय. ज्येंची लेकरं राहनार त्येंना दाखवला न्हाई." अण्णा म्हणाले, "मुहूर्त तुमच्यासाटी थांबतो का?" मुहूर्त थांबला नाही. पाटावर कलश, शेजारी नकाशा, त्यावर पाच सुपाऱ्या. अण्णांनी बोटाने त्यावर हळद-कुंकू लावलं, भटजींनी अक्षता टाकल्या. पूजा आटोपल्यावर मी तो नकाशा फडक्यात गुंडाळून घरी नेला आणि देवघरात ठेवला. मला त्यात काही चूक वाटली नाही. आजही कुणाला वाटणार नाही.

मग तुम्ही ते फक्कीचं काढलंत.

आपल्या भागात घराची आखणी फक्कीने, चुन्याच्या भुकटीने करतात, त्यात नवल नाही. पण आखणी पाये खोदणाऱ्यांसाठी असते. तुम्ही ती बायांसाठी केलीत. सगळा नकाशा खऱ्या मापाने माळावर पांढऱ्या रेघांनी उतरवलात: खोल्या, दारं, खाटा, चूल, आणि मागच्या अंगणापलीकडे संडास-बाथरूम. छावणीतल्या बायांना बोलावलंत. आर्किटेक्टलाही औरंगाबादहून यायला लावलंत. तो शहरी पोरगा उन्हात टोपी घालून उभा होता. कौशाबाई सगळ्यात पुढे. त्यांची मंदा तेव्हा पाचवीत होती आणि कौशाबाईंना आणखी एक वर्ष तिला उसाच्या फडात न्यायचं नव्हतं.

"ही तुमच्या पोरीची खाट," तुम्ही म्हणालात. "झोपा हितं."

कौशाबाई पदर खोचून फक्कीच्या चौकटीत आडव्या झाल्या. बाया खो खो हसल्या. "कौशे, नीट झोप, पाय भितीत चाललाय तुजा!"

"आता डोळे झाका," तुम्ही म्हणालात. "रात झालीय. पोरगी उठलीय. तिला न्या बाथरूमला."

आणि भर उन्हात एक-एक बाई डोळे मिटून चालायला लागली. एक भिंतीतून आरपार गेली, दुसरी चुलीत उभी राहिली. "अगं पोळशील की!" असा गलका. आर्किटेक्टसुद्धा हसत होता. कौशाबाई दारातून नीट बाहेर पडल्या, अंगणात चार पावलं गेल्या आणि थांबल्या. डोळे उघडले.

"मी हितनं म्होरं जायची न्हाई," त्या म्हणाल्या. "अन् मीच न्हाई, तर माजी पोर कशी जाईल? रातभर दाबून धरील अन् आठ दिसात फडावर निगून यील."

हसणं थांबलं. तुम्ही आर्किटेक्टकडे पाहिलंत. त्याने वही काढली नाही, वाद घातला नाही. फक्कीची पाटी उचलली आणि तिथेच पायाने जुनी रेघ पुसून मुलींच्या खोल्यांना लागून नवी ओढली. बाथरूम आत आली. त्यासाठी मुलींची बाजू पुढे सरकली आणि खांबांच्या जागा बदलल्या. बायांनी पुन्हा डोळे मिटले, पुन्हा चालल्या. या वेळी सगळ्या पोचल्या.

दाजी, मी आयुष्यात बऱ्याच सभा पाहिल्या. हात वर करून मंजुरी देणाऱ्या माणसांना आपण कशाला हात वर केला ते घरी गेल्यावर सांगता येत नाही. त्या दिवशी मात्र बाया नकाशातून स्वतःच्या पायांनी चालल्या आणि मग हो म्हणाल्या. तशी मंजुरी मी पुन्हा फक्त तुमच्याच कामांत पाहिली.

नवा नकाशा आला आणि तुम्ही तुमचा नियम सांगितलात: जुना आणून द्या, मग नवा घेऊन जा. दिलेला जुना तुम्ही सगळ्यांसमोर फाडायचात. मी म्हणालो होतो, "दाजी, ह्ये आपलीच मानसं हायेत. शब्दावर चालतं आपल्यात. कागदासाटी कावून येवढं?"

तुम्ही म्हणालात, "शब्द इसरला तर परत बोलता येतो. पाया परत खोदावा लागतो."

मिस्त्रीने आपला जुना नकाशा दिला. इंजिनियरने बीडहून पाठवला. अण्णांनी आपला तीन ठिकाणी शोधून आणून दिला. मग तुम्ही माझ्याकडे हात केलात.

"पूजेतला हाय तो," मी म्हणालो. "फाडायचा कसा?"

"फाडू नका. मला द्या, मी ठेवतो."

"इसर्जन केला मी."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "इसर्जन? बिंदुसरा कोरडी, सिंदफणा कोरडी. कुटल्या पान्यात केलं पाव्हणं?"

"अण्णांच्या विहिरीत."

सगळे हसले. तुम्हीही हसलात. मला वाटलं, सुटलो. मी खोटं बोललो ते तुम्हाला फसवायला नाही. कुंकू लागलेला कागद कुणाच्या हाती द्यायचा, कुठल्या पेटीत जायचा, याची मला भीती वाटली. घरात देव्हाऱ्यात आहे तर राहू दे, कुणाचं काय जातं, असं वाटलं. आपल्याकडची माणसं असंच करतात. पूजेचा नारळ वर्षभर कोनाड्यात ठेवतात, फोडत नाहीत, टाकत नाहीत. मी नकाशाचंही तेच केलं. फरक एवढाच की नारळ बघून कुणी पाये खोदत नाही.

पायाचा दिवस आला तेव्हा तुम्ही औरंगाबादला होतात. पाणी हीच आमची अडचण होती. टँकरचं पाणी माणसांचं, ते बांधकामाला लागणार नाही, हे तुम्ही पहिल्याच दिवशी ठणकावलं होतं. अण्णांनी आपली विहीर दिली. मोसंबीच्या बागेचं पाणी तोडून त्यांनी ते पायाला दिलं, आणि ते त्या विहिरीच्या कठड्यावर उभे राहून पाइपातून पाणी जाताना बघत होते ते मला अजून दिसतं. वीज आली की पंप चालायचा, हौद भरायचा. भरलेला हौद त्या दिवसांत फार वेळ तसाच ठेवता येत नव्हता. छावणीतली जनावरं वास घेत यायची, आणि त्यांना हाकलायला कुणाचं मन होत नव्हतं.

त्या दिवशी हौद भरला, मजूर आले, आणि मिस्त्रीकडे नकाशा नव्हता. लोखंडाचा एक बदल त्यावर टिपून घ्यायला त्याचा नकाशा बीडच्या इंजिनियरकडे पाठवला होता. तुम्ही मिस्त्रीला बजावून गेला होतात की नकाशा परत येईपर्यंत काम थांबवायचं. मिस्त्री थांबायला तयार होता. मी नव्हतो. मला दिवाळी दिसत होती, ट्रॅक्टर दिसत होते, हौदातलं पाणी दिसत होतं. मी मोटारसायकलवर घरी गेलो, देवघरातून फडकं काढलं आणि नकाशा आणला.

"ह्यो जुना हाय ना, सचिवसायब?" मिस्त्रीने विचारलं.

"भिती बदलल्यात रे. खांब तेच हायेत."

खांब तेच नव्हते. मी त्या माळावर बायांसोबत उभा होतो, रेघ पुसताना पाहत होतो, आणि तरी मला ते कळलं नव्हतं. किंवा कळून घ्यायचं नव्हतं. पूजेतला नकाशा आहे, त्यावरून काम सुरू झालं तर चांगलंच, असंही एक कुठंतरी मनात होतं. संध्याकाळपर्यंत मुलींच्या बाजूचे पाये भरले. पोती ओली करून त्यांवर टाकली. मी समाधानाने घरी गेलो आणि नकाशा पुन्हा देव्हाऱ्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. मिस्त्रीचाच टेप घेऊन लावलात. एका पायापासून दुसऱ्यापर्यंत, परत पहिल्यापर्यंत. मग टेप गुंडाळताना थांबलात आणि त्याच्या टोकाकडे पाहत राहिलात. टेपला कुंकू लागलं होतं. बोटं पुसलेल्या मिस्त्रीच्या सदऱ्यालाही. तुम्ही वर पाहिलंत ते मिस्त्रीकडे नाही, माझ्याकडे.

मी दुसरीकडे पाहिलं.

अण्णा आले, तेव्हा त्यांचा आवाज छावणीपर्यंत गेला. "माज्या बागेचं पानी! कुनी दिला जुना नकाशा?" मिस्त्री आमच्याच गावचा, त्याला मिळणारं प्रत्येक काम माझ्या ओळखीने. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "व्हता तसा केला, अण्णा."

"नकाशे सांबाळनं माजं काम," तुम्ही म्हणालात. "जुना कागद साइटवर आला, म्हंजी माज्याकडून राहिला."

विशेष सभा झाली. लोक चिडलेले होते, आणि त्यांचं चिडणं बरोबर होतं. घोटभर पाण्यासाठी रांगा लावणाऱ्यांनी पाणी चुकीच्या खड्ड्यात ओतलेलं पाहिलं होतं. ठराव झाला: निष्काळजीपणामुळे संस्थेचं नुकसान झालं, सबब त्यांना कामातून मुक्त करण्यात येत आहे. मी लिहिला. वाचून दाखवला. माझा आवाज नीट होता, हे मला आजही सर्वांत जास्त टोचतं.

त्या संध्याकाळी मी तुमच्याकडे आलो. अक्का पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली. मी म्हणालो, "दाजी, अक्कासाठी गप्प बसलात तुमी. माज्यावर उपकार केले." तुम्ही चिडलात. एवढं चिडलेलं मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं.

"उपकार कसला? तुमी खोटं बोललात, ते तुमचं. जुना कागद साइटवर आला, ते माजं. दोन्ही निराळं हाय. माजं मी सभेत सांगितलं. तुमचं तुमी सांगा."

"सांगतो."

"मला नगो. माजी माफी मागू नका, मला तिचं काय करू? ज्या सभेत ठराव झाला, त्या सभेत सांगा."

यावरून आपण उभा जन्म भांडलो. तुम्ही अक्काच्या भावाला वाचवलंत, असं माझं म्हणणं. तुम्ही फक्त आपलं काम केलंत, असं तुमचं. अजूनही मला वाटतं थोडं माझंही खरं आहे. आता उत्तर द्यायला तुम्ही नाहीत, म्हणून या वेळी मी हरलो असं धरून चालतो.

पण भांडण तिथं टाकून तुम्ही लगेच खाली बसलात आणि फरशीवर खडूने पाये काढलेत. चुकीचे आणि बरोबर, दोन्ही. "आता बसा. दिवाळी हालनार न्हाई."

इथून पुढचं, दाजी, मी कितीही वेळा आठवलं तरी माझी छाती फुगते. ठरावाने तुम्हाला कामावर यायची बंदी होती. मग काम तुमच्याकडे यायला लागलं. मी रोज छावणीतून अक्कासाठी दुधाची किटली घेऊन यायचो आणि तुमच्यासमोर बसायचो. तुम्ही मला एकही उत्तर दिलं नाही. तुम्ही विचारायचात. "आर्किटेक्टला ह्ये म्हाईत हाय का? त्येनं इंजिनियरला सांगितलं का? मिस्त्रीला कोन सांगनार, अन् कवा?" मी जाऊन ते जुळवायचो. पहिल्यांदा वैताग आला, मग गोडी लागली. तिघांना मी एका दुपारी त्याच माळावर उभं केलं आणि तुमचा प्रश्न त्यांच्यासमोर ठेवला: ह्या पायांना आता पाणी पाजलंय, ते वाया घालवायचं नाही, मग त्यांच्यावर काय उभं राहील?

आर्किटेक्ट बराच वेळ फिरला. मग म्हणाला, "पडवी."

इंजिनियरने तिथल्या तिथे पडताळून मान हलवली. मुलींच्या खोल्यांच्या मागच्या बाजूने लांब, झाकलेली पडवी. आया भेटायला येतील तेव्हा बसायला, पोरींना अभ्यासाला, पावसात कपडे वाळत घालायला. मी पुन्हा फक्की मारली, पुन्हा बाया बोलावल्या. कौशाबाई पडवीच्या रेघेत मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "ह्ये आदी कावून न्हाई सुचलं?" मी पुढची रेघ ओढायला लागलो.

नवा नकाशा आला. सगळे जुने मी गोळा केले आणि सगळ्यांसमोर फाडले. देव्हाऱ्यातलाही फाडला, अण्णा नसताना, घरी, एकटाच. त्यालासुद्धा सभा लागते, हे तेव्हा मला कळलं नव्हतं.

पुन्हा एकदाही काम मागे फिरलं नाही. एक भिंत पाडली नाही, एक खांब सरकला नाही. पाऊस यथातथाच झाला, पण चौकटी बसल्या, स्लॅब पडला, दिवाळीच्या तोंडावर चुना लागला. टोळ्या निघायच्या दिवशी मुकादमांचे ट्रॅक्टर रस्त्याला उभे होते. भांडी, सरपण, कोंबड्या, शेळ्या चढल्या. दरवर्षी त्यांच्यावर लेकरं चढायची. त्या वर्षी लेकरं आपल्या पेट्या घेऊन वसतिगृहाच्या कट्ट्यावर उभी होती.

कौशाबाई ट्रॅक्टरवर चढायच्या आधी आत आल्या. मंदाच्या खऱ्या खाटेवर आडव्या झाल्या. सगळ्यांसमोर डोळे मिटले, उठल्या, भिंतीला हात न लावता चालत गेल्या. आतून आवाज आला, "पोचले गं बाय!"

ट्रॅक्टर हलले. आया रडत होत्या, पण रिकाम्या हातांनी रडत होत्या, कडेवर लेकरू नव्हतं. असं रडणं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यात अभिमान होता. अण्णा रस्त्यावर उभे राहून लहान मुलासारखे ओरडत होते, "ऱ्हायली! ऱ्हायली आपली लेकरं!" त्यांच्या बागेतली निम्मी मोसंबी वाळली होती आणि त्यांना त्याचं भान नव्हतं.

तुम्ही गर्दीच्या मागे, कडुलिंबाखाली उभे होतात. उद्घाटनात शाल-श्रीफळ मला मिळालं. मी ते घेतलं.

त्यानंतर संस्थेने जे बांधलं ते तुमच्या रीतीने. धान्याचं गोदाम बांधताना हमाल पाठीवर पोतं घेऊन फक्कीच्या दारातून गेले आणि दार रुंद झालं. अण्णांनी तुमच्यावरचा ठराव कधी मागे घेतला नाही, पण प्रत्येक नकाशा आधी तुमच्या घरी पाठवला. त्यांना तुमच्याशिवाय चालत नव्हतं आणि ठरावाशिवायही चालत नव्हतं. मंदा शिकली, आज त्याच वसतिगृहाची अधीक्षिका आहे, आणि रात्री पोरींसाठी दिवा लावते तो खाटेपासून बाथरूमपर्यंतच्या तुमच्या त्या वाटेवर. हे सगळं तुम्ही पाहिलंत. पाहून गेलात, याचा मला फार आनंद आहे.

फक्त माझं राहिलं. दर वार्षिक सभेला मी ठरवायचो. तुम्ही तिसऱ्या रांगेत बसायचात. मी अहवाल वाचायचो, जमाखर्च वाचायचो, 'आयत्या वेळच्या विषयां'पाशी यायचो, आणि म्हणायचो, "सभा संपली असे जाहीर करतो." बाहेर तुम्ही माझ्या हातातून चहाचा कप घ्यायचात. "औंदा बी चहाच वाटला का पाव्हणं?"

दवाखान्यात शेवटी मी तुमचा हात धरला. "दाजी, मला..." तुम्ही डोळे उघडलेत. आवाज जवळजवळ नव्हता, पण खोडी होती. "हितं न्हाई. हितं सभासद न्हाईत."

परवा सभा झाली. तुमच्यासाठी शोकठराव होता. अक्का आली. लोक म्हणाले, एवढ्यात कशाला, पण ती आली आणि तुमच्या जागी बसली, तिसऱ्या रांगेत. शेजारी मंदा. अण्णा आता काठी घेऊन येतात; त्यांनी मला ठराव वाचायला सांगितलं.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "अण्णा, त्येच्या आदी एक जुना ठराव हाय. त्यो दुरुस्त करायचाय."

"बस खाली, सुधाकर. आज दुखवटा हाय."

"न्हाई बसत. दर वर्षी बसलो. आज न्हाई."

मागून कुणीतरी म्हणालं, "काय झालं सचिवाला?" मिस्त्री भिंतीशी उभा होता. तो म्हातारा झालाय. त्याने मान वर केली. त्याला कळलं होतं. मी कागद खाली ठेवला, कारण हे वाचून दाखवायचं नव्हतं. आवाज नीट निघाला. या वेळी तो नीट निघाला याचं मला बरं वाटलं.

मी म्हणालो, "वसतिगृहाच्या पायाला जुना नकाशा दाजीनं दिला न्हवता. मी दिला. माज्या देव्हाऱ्यातनं आनून दिला. मिस्त्री माज्यामुळं गप बसला, त्येला आजपासनं मोकळं करा. अण्णा, तुमच्या बागेचं पानी मी मातीत घातलं, अन् तुमचा राग दुसऱ्याच्या अंगावर जाऊ दिला. अक्का, तुज्या नवऱ्यावरचा ठराव मी लिवला, अन् लिवताना माजा हात थांबला न्हाई. त्यो ठराव रद्द करा. त्यात जितं त्येंचं नाव हाय तितं माजं घाला. दाजी, सभा तीच हाय, सभासद बसलेत. माजं चुकलं. मला माफ करा."